फुप्फुसातलं खारं पाणी

शहरात दुष्काळ, नदीच्या पात्रात धूळ. आणि अशा शहराच्या पाणीखात्याचा मुख्य अभियंता मरतो कसा, तर बुडून! प्रेत मिळतं गोड्या पाण्याच्या जलाशयात, पण फुप्फुसांत निघतं खारं पाणी. रोमन पोलान्स्कीचा १९७४ सालचा ‘चायनाटाऊन’ इथे जी मानगूट पकडतो ती शेवटपर्यंत सोडत नाही.

काळ १९३७, शहर लॉस एंजेलिस. खासगी गुप्तहेर जेक गिटिस (जॅक निकल्सन) एरवी नवराबायकोंची लफडी शोधून पोट भरतो. त्याच्या युक्त्याही तशाच, दोन पैशांच्या. कोणाची गाडी रात्री कधी हलली हे हवंय? चाकाखाली स्वस्तातलं घड्याळ ठेवायचं आणि नंतर चुरडलेलं उचलून आणायचं. काटे वेळ सांगतात. जमिनीच्या नोंदवहीतलं पान हवंय? कारकुनाकडूनच पट्टी मागून घ्यायची, मोठ्यानं खोकायचं आणि त्या आवाजात पान फाडायचं. त्या पानावर कळतं, की एका गृहस्थानं आठवड्यापूर्वी जमीन घेतली आहे. गृहस्थ वारून मात्र दोन आठवडे झालेत! बाकीचे खरेदीदार वृद्धाश्रमात निवांत बसलेले. आपण जमीनदार झालो याचा त्यांना पत्ताच नाही. बेनामी व्यवहार इतका थरारक मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेला नाही.

पण खरी कमाल कॅमेऱ्याची. गिटिसला जे दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही; तो बेशुद्ध पडला की पडदाही काळा. त्यामुळे तो फसतो तिथे आपणही फसतो. अभियंत्याच्या बंगल्यातला माळी तळ्याकाठी कुरकुरतो, हे ‘ग्लास’ला वाईट. त्याच्या जिभेला ‘र’ जमत नाही. त्याला ‘ग्रास’, म्हणजे गवत म्हणायचंय. गिटिस त्याची नक्कल करून पुढे जातो, आपणही हसतो. बऱ्याच वेळानं डोक्यात प्रकाश पडतो, की गवत जळतंय कारण तळं खाऱ्या पाण्याचं आहे. आणि त्याच तळ्याच्या तळाशी सापडते ती खरोखरच ‘ग्लास’ची वस्तू, एक चष्मा. कोणाचा, ते मी सांगणार नाही.

पटकथाकार रॉबर्ट टाउन यांना या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं. सिनेमात या जमिनींच्या खरेदीमागे दडलेली पाण्याची चोरी त्यांनी हवेतून काढली नव्हती. मृत अभियंत्याचं नाव हॉलिस मलव्रे. त्याच्या मागे उभे आहेत विल्यम मलहॉलंड. नावातली अक्षरं जरा हलवून पाहा. आयर्लंडहून आलेला हा माणूस लॉस एंजेलिसमध्ये आधी पाटकरी होता, पाटातला गाळ काढायचा. पुढे त्यानं ओवेन्स खोऱ्यातलं पाणी सुमारे ३७५ किलोमीटरवरून शहरात आणलं, तेही एकही पंप न लावता, निव्वळ उतारावर. १९१३ मध्ये ते पाणी पोचलं. खोऱ्यातलं ओवेन्स सरोवर आटून मैलोन्‌मैल धूळ उरली. १९२४ मध्ये संतापलेल्या लोकांनी कालव्याला सुरुंग लावला. १२ मार्च १९२८ रोजी मलहॉलंडनी सेंट फ्रान्सिस धरणाची गळती पाहून ‘धोका नाही’ असा निर्वाळा दिला, आणि त्याच मध्यरात्रीच्या सुमारास धरण फुटलं. चारशेहून अधिक माणसं गेली. सिनेमातला मलव्रे नवं धरण बांधायला नकार देतो, त्या हट्टामागे हीच रात्र आहे.

टाउन यांनी काळ बदलला, कटाला काळोख दिला, खून घातले. मूळ प्रकरण मात्र उजेडातलं. कालव्याचं पाणी जिथे येणार होतं त्या सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या जमिनींवर शहरातल्या बड्या धेंडांनी आधीच हात मारला होता, त्यांत लॉस एंजेलिस टाइम्सचे मालक हॅरिसन ग्रे ओटिसही होते. ऑगस्ट १९०५ मध्ये प्रतिस्पर्धी एक्झामिनरनं ही बातमी नावांसकट छापली. गिटिसला ज्यासाठी नाक चिरून घ्यावं लागलं, ते इथे सकाळच्या पेपरात आलं होतं. पुढच्याच महिन्यात कालव्याच्या कर्जरोख्यांवर मतदान झालं, आणि शहरानं प्रचंड बहुमतानं होकार दिला.