घोट्यावरचा बिंदू आणि पाळीतल्या कळा

बारावीतली एक मुलगी आईबरोबर ओपीडीत आली होती. केसपेपर माझ्या हातात देण्याआधीच आईनं मोबाइल पुढे केला. पायाच्या घोट्याजवळ दाबलं की पाळीतली पोटदुखी थांबते, असं सांगणारा व्हिडिओ होता. ‘‘डॉक्टर, आठ महिने दर पाळीला दाबून देतेय. बरं वाटतं म्हणते, पण दोन-तीन दिवस कॉलेज बुडतंच. माझी जागा चुकतेय का?’’

आईची जागा बरोबर होती. पण प्रश्न जागेचा नव्हता.

अ‍ॅक्युप्रेशरबद्दल मला आता महिन्यातून दोन-चार वेळा तरी विचारलं जातं. ‘सगळं थोतांड’ म्हणून ते उडवून लावणं जितकं चूक, तितकंच ‘औषधाची गरजच नाही’ म्हणणंही चूक.

आधी दुखतं का, ते पाहू. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोरानं आकुंचन पावतो, त्याचा रक्तपुरवठा थोडा वेळ कमी पडतो आणि ओटीपोटात कळा येतात. मळमळ, जुलाब, डोकेदुखी यांमागेही बहुतेकदा हीच रसायनं असतात. हे दुखणं रक्तस्राव सुरू होताना किंवा त्याच्या काही तास आधी सुरू होतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. पाळी सुरू झाल्यानंतर साधारण वर्षभरात त्याची सुरुवात होते. यात गर्भाशयाला कुठला आजार नसतो. पण आजार नाही म्हणजे दुखणं खोटं, असं मुळीच नाही.

अ‍ॅक्युप्रेशर ही चिनी पारंपरिक वैद्यकातली पद्धत. सुईऐवजी बोटानं दाब द्यायचा. पाळीच्या दुखण्यासाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा बिंदू तक्त्यांमध्ये ‘एसपी ६’ या नावानं दिसतो. पायाच्या आतल्या बाजूचा घोटा घ्या. त्याच्या टोकापासून स्वतःच्या चार बोटांच्या रुंदीएवढं वर जा. तिथे नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला हा बिंदू येतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला हातावरचा, तसंच पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधला, असे आणखी दोन बिंदूही वापरतात.

याचा उपयोग होतो का? जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०१६ मध्ये अ‍ॅक्युपंक्चर आणि अ‍ॅक्युप्रेशरच्या ४२ चाचण्यांचा आढावा घेतला. बहुतेक चाचण्यांचा दर्जा कमी होता, त्यामुळे ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असं त्यांचं मत पडलं. २०१८ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांचा एक बरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १८ ते ३४ वर्षांच्या २२१ स्त्रिया होत्या. सगळ्यांचे नेहमीचे उपाय चालू होते. निम्म्यांना त्याशिवाय मोबाइल अ‍ॅपवरून अ‍ॅक्युप्रेशर शिकवलं. सहा पाळ्यांनंतर ज्यांचं दुखणं निम्म्यानं किंवा त्याहून अधिक कमी झालं, अशा स्त्रिया अ‍ॅक्युप्रेशरच्या गटात ५८ टक्के होत्या, तर दुसऱ्या गटात २४ टक्के.

आकडे चांगले आहेत. पण या अभ्यासात खोट्या बिंदूवर दाब देणारा गट नव्हता. त्यामुळे फायद्यातला किती वाटा बिंदूचा आणि किती स्वतःकडे लक्ष देण्याचा, हे वेगळं काढता येत नाही. घोट्यापासून गर्भाशयाकडे जाणारी खास वाहिनी शरीररचनाशास्त्राला सापडलेली नाही. मात्र एक शक्यता पटण्यासारखी आहे. कोपर आपटलं की आपण ते नकळत चोळतो आणि बरं वाटतं. स्पर्शाच्या आणि दाबाच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेचा निरोप अडवतात, असा सिद्धांत मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला होता. इथेही तसंच काही घडत असावं.

करून पाहायचं असेल तर पाळीच्या चार-पाच दिवस आधीपासून दिवसातून दोनदा, प्रत्येक बिंदूवर एखादा मिनिट अंगठ्यानं दाबा. सोसवेल इतकाच दाब द्या. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर करू नका. पायावर जखम असेल, एकाच पायाला सूज असेल किंवा शिरेत गुठळी असेल तरीही नको.

गोळ्यांची मात्र उगाच भीती बाळगू नका. मेफेनॅमिक अ‍ॅसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात आणि त्यांचा पुरावा अ‍ॅक्युप्रेशरपेक्षा कितीतरी भक्कम आहे. महिन्यातून दोन-तीन दिवस घेतल्यानं सवय लागत नाही. कळा असह्य होईपर्यंत थांबण्यापेक्षा दुखायला लागताच, काहीतरी खाऊन गोळी घेतली तर ती जास्त लागू पडते. पोटात अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरम पाण्याची पिशवी आणि नियमित व्यायाम यांचाही अनेकींना उपयोग होतो.

आता त्या मुलीकडे वळतो. आईला थोडा वेळ बाहेर बसवून मी तिच्याशी बोललो. ती म्हणाली, ‘‘आई रात्री उशिरापर्यंत पाय दाबत बसते, म्हणून मी बरं वाटतंय म्हणते.’’ तिचं दुखणं पाळीच्या आठवडाभर आधी सुरू व्हायचं, पाळी संपल्यावरही राहायचं आणि त्या दिवसांत शौचाला गेल्यावर कळ यायची. गोळ्यांनीही फरक पडत नव्हता. सोनोग्राफीत बीजकोशावर चॉकलेट सिस्ट दिसली. म्हणजेच एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर भलत्याच जागी वाढण्याचा हा आजार प्रजननक्षम वयातल्या दहापैकी सुमारे एका स्त्रीला असतो, आणि निदान व्हायला अनेकदा वर्षानुवर्षं जातात. ‘लग्न झालं की थांबेल’, ‘आम्हालाही दुखायचं’ यात ती वर्षं जातात.

म्हणून ही लक्षणं लक्षात ठेवा. दर महिन्याला वाढत जाणारं दुखणं. पाळी नसतानाही ओटीपोटात दुखणं. वयाच्या पंचविशी-तिशीनंतर नव्यानं सुरू झालेलं दुखणं. खूप जास्त रक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव. शरीरसंबंधाच्या वेळी किंवा शौचाच्या वेळी वेदना. दोन-तीन पाळ्यांत वेळेवर गोळ्या घेऊनही फरक न पडणं. यातलं एकही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पाळी चुकलेली असताना पोटात अचानक जोरात दुखलं किंवा चक्कर आली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

त्या मुलीला संप्रेरकांच्या गोळ्या सुरू केल्या. तीन महिन्यांनी आली तेव्हा कॉलेज बुडणं थांबलं होतं. आईनं निघताना विचारलं, ‘‘मग पाय दाबायचे बंद करू का?’’ मी म्हटलं, ‘‘तिला आवडत असेल तर दाबा. फक्त खरंच बरं वाटतंय का, हे तिला मोकळेपणी सांगू द्या.’’