दीर्घ ऑनलाइन अर्जाची पाने आणि विभाग

निबंधाच्या एका परिच्छेदात एकच मुद्दा असावा, तसा अर्जाच्या एका विभागात एकच विषय असावा. अर्जाला मात्र आणखी एक कसोटी लागते: हा विभाग भरताना अर्जदाराच्या हातात कोणता कागद असेल?

महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज पाहा. त्यात वैयक्तिक माहिती, पत्ता, सध्याचा अभ्यासक्रम, मागील शिक्षण, वसतिगृह असे भाग आहेत. उधवा (ता. तलासरी) येथील अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला वैयक्तिक माहितीसाठी जातीचा व उत्पन्नाचा दाखला लागतो, मागील शिक्षणासाठी गुणपत्रिका. विभागणी कागदांनुसार असली की शोधाशोध टळते.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या दाखल्यावर जिल्हा 'ठाणे' असल्याने अर्जदार अडखळू शकतो. अशा वेळी खुलासा त्या रकान्यालगतच हवा. आरंभीच्या लांबलचक सूचनांत तो हरवतो.

विभागांची मांडणी करताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. सोपी माहिती आधी, कागदपत्रे नंतर घ्यावीत.
२. वसतिगृहात राहत नसलेल्यास त्याविषयीचे पुढील रकाने दिसू नयेत.
३. प्रत्येक पान स्वतंत्रपणे जतन व्हावे. मोबाइलची रेंज गेल्यास भरलेली माहिती पुसली जाऊ नये. अर्ज अपुरा राहून मुदत टळली, तर हक्काची मदत हुकते.
४. अखेरच्या पानावर संपूर्ण अर्ज तपासता यावा.

सरावासाठी प्रश्न : आपल्या परिचयाचा एखादा छापील अर्ज घ्या, त्याचे विभाग पाडा आणि प्रत्येक विभागाला लागणारे कागद लिहा.