इंग्रजीच्या वर्गांत कानाचें शिक्षण

मराठी शाळेंत उत्तम गुण मिळवून महाविद्यालयांत आलेला एखादा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यांत गोंधळून जातो. इंग्रजी पुस्तक त्याला वाचतां येतें, व्याकरणाचे नियम मुखोद्गत असतात, भाषांतरही बरें साधतें. पण प्राध्यापकांचें व्याख्यान सुरू झालें कीं शब्दांचा अखंड ओघ कानांवरून वाहून जातो आणि हातीं फारच थोडें लागतें. शेजारचे विद्यार्थी विनोदाला हंसतात, तेव्हां तोही हंसल्यासारखें करतो. हळूहळू तो मागच्या बाकावर बसूं लागतो आणि आपली बुद्धिच कमी, असा ग्रह करून घेतो. वस्तुतः उणीव बुद्धीची नसून कानाच्या संवयीची असते. आणि ती संवय शाळेनें त्याला लावलेलीच नसते.

मूल मातृभाषा शिकतें तें आधीं ऐकून. बोलण्यापूर्वीं कित्येक महिने तें घरांतील बोलणें नुसतें कानांत सांठवीत असतें. शाळेंतील इंग्रजीचा आरंभ मात्र बहुधा डोळ्यांपासून होतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें महाराष्ट्रांतील अनेक पिढ्यांना इंग्रजी वाक्याची घडण शिकविली, हा तिचा उपकार मोठाच. पण तो मार्ग लेखणीचा होता. पुढें २००० सालीं महाराष्ट्रांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झालें. तथापि शिकण्याचीं वर्षें वाढलीं म्हणजे कान आपोआप तयार होतो असें नाहीं.

इंग्रजी बोलणें मराठी कानाला अवघड कां जातें, हेंही पाहण्यासारखें आहे. मराठींत प्रत्येक अक्षर जवळजवळ सारख्याच वजनानें उच्चारलें जातें. इंग्रजींत एका अक्षरावर जोर पडतो आणि भोंवतालचीं अक्षरें आंखडतात. ‘थर्टी’ आणि ‘थर्टीन’ यांतील फरक जितका शेवटच्या ‘न’मध्यें आहे, तितकाच जोर कोठें पडतो यांत आहे. ‘कप ऑफ टी’ हे तीन शब्द पुस्तकांत सुटे दिसतात. पण भरभर बोलतांना मधला शब्द इतका झिजतो कीं मराठी मुलाला तेथें ‘कपटी’ असें कांहींतरी ऐकूं यावें! पश्चिम दिशा आणि अंगांतील बनियन या दोहोंचे इंग्रजी शब्द मराठी बोलण्यांत पुष्कळदां ‘वेस्ट’ असेच उच्चारले जातात. इंग्रजींत त्यांचे आरंभीचे वर्ण निराळे आहेत. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांचीही तीच गत. जो भेद कानानें कधीं टिपला नाहीं, तो जिभेला साधणार कसा?

यावर उपाय म्हणून शिक्षक एखादा उतारा वाचून दाखवितात व लगेच प्रश्न विचारतात. पण ही परीक्षा झाली, शिक्षण नव्हे. ऐकण्यास शिकवावयाचें तर आधीं हेतु दिला पाहिजे. समजा, रेल्वेस्थानकावरील एक सूचना ऐकवावयाची आहे. ती ऐकविण्यापूर्वींच मुलांना सांगावें, ‘गाडी कोणत्या फलाटावरून आणि किती वाजतां सुटते, एवढेंच पकडा.’ पहिल्या वेळीं विषय कळावा, दुसऱ्या वेळीं तपशील टिपावा आणि तिसऱ्या वेळीं छापील मजकूर हातांत देऊन पुन्हां ऐकवावें. कोणता शब्द कोठें आंखडला, कोणते दोन शब्द एकमेकांत मिसळले, हें त्या तिसऱ्या वेळीं मुलाला उमगतें. आणि खरें शिक्षण तेथेंच घडतें.

लहान मुलांसाठीं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांची रीत उपयुक्त आहे. शिक्षकानें इंग्रजींत आज्ञा द्यावी, ‘ऊठ, दार उघड, फळ्यापाशीं जा,’ आणि मुलांनीं ती कृतीनें पाळावी. बोलण्याची सक्ति नसल्यामुळें लाजाळू मूलही मोकळें होतें. मोठ्या मुलांसाठीं ऑस्ट्रेलियांतील रूथ वायनरिब यांनीं १९९० सालच्या आपल्या पुस्तकांत मांडलेली श्रुतलेखनाची पद्धति आहे. चार-पांच वाक्यांचा उतारा स्वाभाविक वेगानें दोनदां वाचावयाचा. मुलांनीं केवळ महत्त्वाचे शब्द टिपावयाचे. मग तिघां-चौघांनीं मिळून तो उतारा पुन्हां उभा करावयाचा आणि मुळाशीं ताडून पाहावयाचा. ऐकणें, आठवणें, लिहिणें आणि व्याकरण हीं चारही त्यांत एकत्र येतात, आणि खर्च एका खडूचाही नाहीं.

या कामीं रेडिओचें साहाय्य फार मोलाचें ठरलें आहे. केनियांत १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत प्राथमिक वर्गांना रेडिओवरून इंग्रजी शिकविण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यांत रेडिओवरील आवाज प्रश्न विचारी, क्षणभर थांबे, आणि त्या अवकाशांत मुलें उत्तर देत. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेनेंही मराठी शाळांसाठीं ‘वुई लर्न इंग्लिश’ ही रेडिओमाला याच धर्तीवर तयार केली. ज्या शिक्षकाला स्वतःच्या उच्चारांची खात्री नसते, त्याला अशा पाठांचा मोठा आधार वाटतो. कारण मुलांबरोबर त्याचाही कान तयार होत जातो.

मात्र एक पथ्य पाळावें. ऐकलेलें सर्वच कळलें पाहिजे हा आग्रह धरूं नये. दहा शब्दांतील सहा कळले आणि उरलेल्या चारांचा तर्क बांधतां आला, तर तें अपयश नसून श्रवणाची कलाच होय. घरींही आईवडिलांनीं मुलाला ‘बोलून दाखव’ म्हणण्यापूर्वीं ‘काय ऐकलेंस तें मराठींत सांग’ असें म्हणावें. मुलाचा अर्थ बरोबर निघाला, तर इंग्रजी त्याच्या कानांत उतरूं लागलें आहे असें खुशाल समजावें. अशा रीतीनें ज्याचा कान शाळेंतच तयार झाला, त्याला पुढें मागचा बाक शोधावा लागत नाहीं.