पंखावरून ओळख, जमिनीखाली जीवन

वसंताच्या आरंभी युरोपातील बागांमध्ये फुलांसमोर अधांतरी स्थिर राहून मकरंद शोषणारा, अंगभर पिंगट लव असलेला जो कीटक दिसतो, तो मधमाशीसारखा भासत असला तरी प्रत्यक्षात माशी असतो. 'बी-फ्लाय' म्हणून परिचित असलेल्या या कीटकाचे शास्त्रीय नाव बॉम्बिलियस मेजर असून, कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये त्याची नोंद केली. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, तर माशीला एकच जोडी असते आणि दुसरीच्या जागी उड्डाणाचा तोल सांभाळणारे गाठीसारखे लहान अवयव, म्हणजे संतोलक, असतात. तिची पुढे आलेली लांब, ताठ सोंड नांगीसारखी दिसते. मात्र ती केवळ मकरंद शोषण्यासाठी असल्याने माणसाला तिच्यापासून कोणताही अपाय नसतो.

जातीची निश्चिती पंखावरून होते. बॉम्बिलियस मेजरच्या पंखाचा पुढच्या कडेलगतचा भाग गर्द तपकिरी आणि मागचा भाग पारदर्शक असतो, व या दोहोंमधील सीमारेषा नागमोडी परंतु ठळक असते. बॉम्बिलियस डिसकलर या जवळच्या जातीच्या पंखांवर मात्र सुटे गडद ठिपके असतात.

या माशीचे बालपण जमिनीत बिळे करून एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या, विशेषतः अँड्रिना प्रजातीतील मधमाश्यांच्या, जिवावर पोसले जाते. मादी उदराच्या टोकाशी असलेल्या पोकळीत बारीक वाळू भरून घेते, तिच्यात अंडी घोळवते आणि बिळाच्या तोंडासमोर हवेत तरंगत, उदराला हिसका देऊन ती एकेक करून आत भिरकावते. अंड्यातून निघालेली चपळ अळी सरपटत मधमाशीच्या पिल्लाच्या कोठडीत शिरते, यजमान अळी पुरेशी वाढेपर्यंत थांबते आणि मग कात टाकून, स्थूल व मंद रूप धारण करून तिच्या शरीरातील द्रव शोषू लागते. अळीने वाढीच्या काळातच असे सर्वस्वी भिन्न रूप घेण्याला अतिरूपांतरण म्हणतात. पुढे कोषाच्या डोक्यावरील काटे माती उकरून बाहेर पडण्यास उपयोगी पडतात.

मधमाश्यांच्या अळ्या मारणारी म्हणून या माशीला शत्रू ठरवणे योग्य नाही, कारण यजमानांची वस्ती नांदती असल्याखेरीज तिचा वंश टिकूच शकत नाही. म्हणून तिच्या संरक्षणाचा मार्ग यजमानांच्या संरक्षणातूनच जातो; बागेतील उन्हाची, उघडी माती फरशीखाली न झाकता राखून ठेवली, तर मधमाशी आणि माशी या दोघींनाही आसरा मिळतो.