मातीचे मावळे आणि मालेगावचा किल्ला

दिवाळी आली की आपल्या महाराष्ट्रात घरोघरी किल्ले उभे राहतात. दगड-विटांचा ढीग, त्यावर ओले बारदान, त्यावर चिखलाचा लेप. मग अळीव किंवा मोहरी पेरायची आणि चार दिवसांत हिरवे रान उगवायची वाट पाहायची. माथ्यावर सिंहासनावर शिवाजी महाराज, पायऱ्यांवर मावळे, बुरुजावर तोफ. हा खेळ आपण सगळ्यांनी खेळलेला आहे. मीही खेळलो आहे. मालेगावात मोसम नदीच्या अलीकडे आमचे घर आणि पलीकडे संगमेश्वरात माझा शाळासोबती. त्याच्या अंगणातल्या किल्ल्यासाठी चिखल मळायचे काम दर वर्षी माझ्याकडे असे.

काही वर्षांपूर्वी याच मित्राच्या मुलाने एक वेगळाच बेत काढला. तो म्हणाला, "चाचा, रायगड सगळेच करतात. या वर्षी आपण आपल्या गावचा किल्ला करू. १८१८ ची लढाई मांडू." मला आनंद झाला. त्याने मातीचा किल्ला झकास केला. मग आम्ही दोघे बाजारात मावळे आणायला गेलो, आणि खरी अडचण तिथे सुरू झाली.

दुकानदाराने दोन खोकी पुढे केली. एका खोक्यात भगव्या पागोट्याचे मावळे, दुसऱ्या खोक्यात हिरव्या रंगाचे दाढीवाले शिपाई. "हे आपले, ते शत्रूचे," तो सहज म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. त्याच्याकडे साचे दोनच होते. मुलगा मात्र गोंधळला. माझ्याकडे बघून त्याने हळूच विचारले, "चाचा, आपल्या किल्ल्यात तर अरब होते ना? मग हिरवे आत ठेवायचे की बाहेर?"

या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे कळले, तेच आज सांगणार आहे. छोटे सैनिक निवडायचे कसे?

युरोपात हा मोठ्या माणसांचा छंद आहे. टेबलावर रान, टेकड्या, गावे मांडायची, दोन्ही बाजूंना शिशा-कथलाचे किंवा प्लॅस्टिकचे बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे सैनिक उभे करायचे, आणि फासे टाकून जुनी लढाई पुन्हा लढायची. प्रशियाच्या सैन्यात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असा खेळ निघाला. पुढे एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने १९१३ मध्ये घरगुती खेळाचे नियम पुस्तकरूपाने छापले. या छांदिष्टांचा सर्वांत लाडका काळ म्हणजे नेपोलियनचा. कारण त्या काळचे गणवेश रंगीबेरंगी आणि दर थोड्या वर्षांनी बदलणारे. १८०५ च्या ऑस्टर्लिट्झच्या लढाईत फ्रेंच पायदळाच्या डोक्यावर दोन टोकांची आडवी टोपी होती. १८१५ च्या वॉटर्लूला त्याच पायदळाच्या डोक्यावर उंच नळकांडी टोपी होती. वॉटर्लूच्या मैदानात आडव्या टोपीची पलटण उभी केली, तर जाणकार खेळगडी हसतात.

म्हणून पहिला नियम असा : आधी तारीख ठरवा, मग सैनिक निवडा. नुसते "नेपोलियनचे सैन्य" असे काही नसते, तसेच नुसते "मराठ्यांचे सैन्य" असेही नसते. शिवकालातला डोंगरी मावळा, पानिपतावरचा गारदी आणि १८०३ मध्ये असईच्या रणात उभी असलेली शिंद्यांची कवायती पलटण, ही तीन वेगळ्या काळांतली वेगळी माणसे आहेत. असई आज जालना जिल्ह्यात आहे. तिथे इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनला भिडला. म्हणजे हा काळ आपल्यापासून दूर नाही. मालेगावचा वेढा वॉटर्लूनंतर अवघ्या तीन वर्षांनी पडला.

आमच्या किल्ल्याची हकीकत थोडक्यात सांगतो. मोसमच्या काठचा हा भुईकोट नारो शंकर राजेबहादूर यांनी १७४० मध्ये बांधायला घेतला. दुहेरी तट, भोवती खोल खंदक. १८१८ मध्ये पेशवाई कोसळली, नाशिककडचे डोंगरी किल्ले एकामागून एक इंग्रजांकडे गेले. मालेगाव मात्र झुंजले. किल्ला राजेबहादुरांच्या घराण्याचा, पण त्या वेळी आतली सूत्रे अरब शिबंदीच्या हाती होती. हे अरब संख्येने सुमारे साडेतीनशे. मे महिन्याच्या मध्यावर कर्नल मॅक्डॉवेल हजाराच्या आसपास बंदुकवाले घेऊन आला. २९ मे रोजी इंग्रजांनी तटाच्या भगदाडावर हल्ला चढवला. इंजिनिअर अधिकारी नॅटिस भगदाडाच्या माथ्यावर पोचला आणि तिथेच गोळ्या लागून पडला. हल्ला फसला. पुढे जूनमध्ये उखळी तोफांचे कुलपी गोळे आणवले गेले. त्यांतला एक दारूकोठारावर पडला, आतला तट फुटला आणि मग अरबांनी शस्त्रे खाली ठेवली. या वेढ्यात इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून दोनशेच्या वर होते.

आता दुसरा नियम : बाजू ठरवताना रंगावर जाऊ नका, यादीवर जा. आमच्या यादीत काय निघाले? तटावर अरब मुसलमान, आणि किल्ला बांधलेला एका ब्राह्मण सरदाराने. बाहेर इंग्रज अधिकारी, काही गोरे शिपाई, पण बरेचसे शिपाई मद्रासकडचे. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही. सगळ्यांच्या अंगात कंपनीचा लाल कोट. दुकानातली दोन्ही खोकी निकामी झाली! भगवा-हिरवा हिशेब या लढाईला लागूच पडेना.

तो शिवकाळालाही लागू पडत नाही. महाराजांच्या पायदळाचा सरनोबत नूरखान बेग होता. आरमारात दौलतखान होता. पन्हाळ्याच्या वेढ्याच्या वेळी सिद्दी हिलाल स्वराज्याच्या बाजूने लढला. आणि १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी भाऊसाहेबांच्या बाजूने शेवटपर्यंत उभा राहिला आणि त्यापायी प्राणाला मुकला. उलट मोगलांच्या आणि आदिलशाहीच्या फौजांत राजपूत होते, मराठे सरदारही होते. दिवाळीच्या किल्ल्यावर एखादा दाढीवाला मावळा आत ठेवला, तर ती चूक नाही. इतिहासाला धरूनच आहे.

तिसरा नियम : डोके आधी पाहा. छोट्या पुतळ्यात चेहरा दिसत नाही, शिरस्त्राण दिसते. पागोटे, मुंडासे, पगडी, टोपी यांवरून माणूस लांबून ओळखू येतो. कंपनीच्या देशी शिपायाला गोऱ्याची टोपी घालू नका. त्या काळच्या चित्रांत त्याचा कोट लाल, पण डोक्यावरचे बांधणे वेगळे आणि पायांत चपला किंवा अनवाणी पाय दिसतात. अरबाच्या डोक्याला गुंडाळलेला फेटा, कमरेला लुंगीसारखे वस्त्र आणि पोटाशी वाकडा जंबिया. हिंदुस्थानात चाकरीला आलेले बरेच अरब येमेनकडच्या हद्रमौत प्रांतातले. त्यांच्या मुलुखात निळीने रंगवलेले कापड वापरत. म्हणून आम्ही आमच्या अरबांना हिरवा नव्हे, निळसर काळा रंग दिला. रंगाऱ्यांच्या आणि विणकरांच्या गावाला निळीचे काय अप्रूप!

चौथा नियम शस्त्राचा. अरबाच्या हाती लांब नळीची तोडेदार बंदूक, म्हणजे जळत्या वातीने बार उडवायची. कंपनीच्या शिपायाच्या हाती चकमकीची बंदूक आणि पुढे संगीन. मावळ्याच्या ढाल-तलवारीवर लाल रंग फासून कंपनीचा शिपाई होत नाही. बाजारात बंदूकवाला साचा मिळत नसेल, तर तलवार मोडून त्या जागी झाडूची काडी चिकटवावी. आम्ही तेच केले.

पाचवा नियम मापाचा. साडेपाच फुटी माणूस म्हणजे सहासष्ट इंच. मावळा चार इंचांचा असेल, तर सारे जग साडेसोळा पटींनी लहान झाले. मग वीस फुटी तट सुमारे पंधरा इंच, म्हणजे सव्वा फूट हवा. आपल्या किल्ल्यांत मावळा बुरुजाइतका आणि तोफ मावळ्याच्या पायाएवढी असते, ती याच हिशेबाअभावी. संख्येचेही तसेच. एका पुतळ्याला वीस माणसे धरा. साडेतीनशे अरबांचे अठरा पुतळे झाले, हजार बंदुकवाल्यांचे पन्नास. आत अठरा आणि बाहेर पन्नास उभे केले, तेव्हा मुलाच्या तोंडून आपोआप निघाले, "एवढेसेच होते?" वेढा म्हणजे काय, हे त्याला त्या क्षणी समजले.

सहावा नियम माझ्या सर्वांत आवडीचा. हुकमातला गणवेश वेगळा आणि अंगावरचा वेगळा. नेपोलियनचे शिपाई चित्रात कडक इस्त्रीचे दिसतात. मोहिमेवर मात्र त्यांच्या विजारी ठिगळांच्या असत, टोपीवर मेणकापडाची खोळ असे. मे महिन्यातल्या मालेगावच्या उन्हात लाल लोकरी कोट घालून खंदक खणणाऱ्याची काय अवस्था झाली असेल, ते आम्हा मालेगावकरांना सांगायला नको. म्हणून चकचकीत रंगावर थोडी माती उडवावी. तोच माणूस खरा वाटतो.

आणि सातवा : जुने चित्र समोर आहे म्हणून ते खरेच धरू नये. महाराष्ट्राने हा धडा मोठ्या प्रसंगातून घेतला आहे. एके काळी शिवाजी महाराजांचे म्हणून एक चित्र सर्वत्र छापले जाई. ते मुळात इब्राहिमखान नावाच्या कोणा सरदाराचे होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच कागदपत्रांच्या आधारे महाराजांचे अस्सल चित्र शोधले आणि ते १९३३ मध्ये लोकांपुढे आणले. एका अभ्यासकाने चिकाटी धरली नसती, तर आपण आजही दुसऱ्याच चेहऱ्याला हार घातला असता. पागोट्याचा आणि दाढीचा तपशील क्षुल्लक नसतो, तो असा.

कवितेतही हेच होते. एक शब्द जवळपासचा वापरला तर ओळ चालते, पण माणूस बदलतो.

रंगकाम चालले असताना मुलाने मला मधेच विचारले, "चाचा, हे अरब म्हणजे तुमचे पूर्वज ना?" मी हसलो. म्हटले, "नाही रे बेटा. आमचे पूर्वज विणकर. ते उत्तरेकडून १८५७ च्या धामधुमीनंतर हातमाग घेऊन इथे आले. वेढा पडला तेव्हा आम्ही या गावात नव्हतोच." तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "मग आम्ही कोणत्या बाजूला होतो?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, त्याच्या वडिलांकडेही नव्हते. किल्ल्याबाहेरच्या पेठेत राहणारी साधी माणसे कोणत्या खोक्यात ठेवायची, हे कोणत्याच दुकानदाराला सांगता येत नाही.

शेवटी एक पुतळा मात्र आम्हाला घरीच करावा लागला. शरणागतीच्या वेळी अरबांना जो कागद दिला गेला, तो मराठीत लिहिलेला होता. मुनशीच्या लेखणीतून त्यात इंग्रजांच्या मनात होती त्याहून अधिक उदार अट उतरली. पुढे वाद झाला, तेव्हा लिहिले आहे तेच पाळायचे, असे एल्फिन्स्टनने ठरवले. एका मराठी वाक्याने शेकडो अरबांचे भले केले. तोफांच्या लढाईचा शेवट असा लेखणीने झाला.

मुनशीचा साचा बाजारात कुठून मिळणार? उरलेल्या चिखलाचा एक गोळा घेऊन मुलाने बैठा माणूस केला. मांडीवर कागदाचा कपटा, हातात काडीची लेखणी. त्याला कोणता रंग द्यायचा, म्हणून त्याने मला विचारले. मी म्हटले, "राहू दे. मातीचाच ठीक आहे."

दिवाळी संपली, किल्ला मोडला, अळीव वाळून गेला. अठरा अरब आणि पन्नास शिपाई मित्राच्या माळ्यावर एकाच खोक्यात ठेवले आहेत. मुनशी माझ्या टेबलावर आहे.