शंभर थेंब रक्ताचे खोटे गणित

१९३४ साली मुंबईत एका मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. हस्तमैथुनासारख्या विषयांवर वाचकांनी प्रश्न विचारले होते आणि ‘समाजस्वास्थ्य’चे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी आडपडदा न ठेवता उत्तरे दिली होती, एवढाच गुन्हा. वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. कर्वे खटला हरले, त्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र निघतच राहिले.

झोपेत ‘धातू’ गेला की ताकद गेली, ही भीती आजही पोरांना पोखरते. शंभर थेंब रक्तातून वीर्याचा एक थेंब, हे गणित त्यांच्या कानावर मित्रांकडूनच पडते. अठराव्या शतकात तिसो या स्विस डॉक्टरने असाच हिशेब मांडून युरोपलाही घाबरवले होते.

वीर्य रक्त आटवून तयार होत नाही. वीर्यकोश आणि प्रोस्टेट यांचा स्राव हाच त्याचा मोठा भाग; शुक्राणू शेकडा पाचाच्या आसपास. एका वेळी बाहेर पडते ते जेमतेम चमचाभर.

एक उपमा घेऊ. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर १६१३ चा बंधारा आहे, पोटात पाणीमहाल घेऊन. तलाव भरला की जादा पाणी नर-मादी धबधब्यांतून कोसळते. भिंत चारशे वर्षे शाबूत आहे. पाण्याला वाट ठेवणाऱ्या त्या कारागिरांचे कौतुक वाटते! वयात आलेल्या मुलाची स्वप्नावस्था, म्हणजे झोपेत वीर्य जाणे, तशीच निरुपद्रवी. उपमा एके ठिकाणी तोकडी पडते: न वापरलेले शुक्राणू शरीर विरघळवून शोषून घेते, त्यामुळे स्वप्नावस्था कधीच झाली नाही तरी काही तुंबत नाही.

स्वप्ने पडणाऱ्या, डोळे भिरभिरणाऱ्या झोपेचा ॲसरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांचा शोधनिबंध सप्टेंबर १९५३ मध्ये आला. या झोपेत लिंगाला ताठरता येते, तीही रात्रीतून अनेकदा, हे पुढे सिद्ध झाले. कर्वे ऑक्टोबर १९५३ मध्येच गेले. हा पुरावा त्यांच्या हाती पडायला हवा होता.

१९६० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्र विग यांनी ‘धात सिंड्रोम’चे वर्णन केले. थकवा खरा, धडधड खरी; मूळ मात्र वीर्य गेल्याच्या धास्तीत. अशा मुलाला ‘शक्तिवर्धक’ पुड्या विकणे म्हणजे ती धास्ती पक्की करणे.

लघवीला जळजळ, पू, वीर्यात रक्त, वृषणात गाठ किंवा दुखणे असेल तर मात्र डॉक्टरकडे जायलाच हवे. नुसती शंका असली तरी महाराष्ट्रातल्या अनेक सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ आहे. तिथे हे प्रश्न मोकळेपणाने विचारता येतात.