पहिला येणारा इथे जिंकत नाही

बदलापूरहून काटई नाक्याकडे निघालेला प्रत्येक जण पुढच्याला मागे टाकायच्या घाईत असतो. समजा त्याला कुणी बजावलं, की सरासरी ताशी 40च ठेवायची. लवकर पोचलात तरी दंड, उशिरा पोचलात तरी दंड, आणि वाटेत कुठेही गुपचूप मोजणी होईल. डाकार क्लासिक साधारण अशीच चालते. फक्त ती सौदी अरेबियाच्या वाळवंटात होते, आणि तिथे खड्डे निसर्गाने केलेले असतात.

मूळ डाकार रॅली 26 डिसेंबर 1978 रोजी पॅरिसहून सुटली. 1981 साली रेंज रोव्हर जिंकली, 1983 साली जॅकी इक्स यांची मर्सिडीज जी-वॅगन. दुकानात मिळणारी गाडी थोडी मजबूत करून लोक सहारात घालत. आज आघाडीच्या गाड्या खास शर्यतीसाठीच घडवतात. मग जुन्यांनी जायचं कुठे? म्हणून 2021पासून मुख्य रॅलीबरोबर क्लासिक भरू लागली. सुरुवातीची अट होती, गाडी 2000 सालाआधीच्या बनावटीची हवी.

जानेवारी 2025मध्ये पुण्याचे संजय टकले फ्रेंच सहचालकासह या क्लासिकमध्ये उतरले आणि त्यांनी ती पूर्ण केली. गाडी टोयोटा लँड क्रूझर एचझेडजे78. 4.2 लिटरचं सहा सिलिंडरी डिझेल इंजिन, टर्बो नाही, डिझेल पंपही यांत्रिक. बिघाड शोधायला लॅपटॉप लागत नाही. पाना आणि जाणता कान पुरतो. वाळूत अशा गाडीची खरी करामत टायरमध्ये असते. एरवी 35 पौंड असणारी हवा 15 पौंडांपर्यंत उतरवतात. टायर बसतो, लांबट होतो, वजन जास्त जागेवर पसरतं आणि गाडी रुतत नाही. मात्र जोरात वळवलं तर टायर रिममधून निसटू शकतो.

चालकाइतकाच भार सहचालकावर. सेकंदांचा हिशेब त्याचा, ‘जरा हळू’ म्हणायचा वाईटपणाही त्याचाच.

आपली मारुती जिप्सी 1985ची. रेड दे हिमालय आणि डेझर्ट स्टॉर्म या देशी रॅलींत तिने हाडं मोडून घेतली आहेत. वजनाला हलकी, दुरुस्तीला सोपी, वयाच्या अटीतही बसते. लँड क्रूझर ठीकच. पण माझं मत विचाराल तर पुढच्या मराठी चालकाने जिप्सी न्यावी.